सध्या काय वाचतो आहे

‘सध्या काय वाचता आहात?’ हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा तो अन्य कोणत्याही व्यावसायिकाला विचारला जात नसावा. तो आदराने विचारला जातो आणि म्हणूनच त्याचे खरे उत्तर देणे अवघड होते. आपण काही तरी महत्त्वाचे वाचत असणार अशी विचारणाऱ्याची खात्री असते. ती मोडवत नाही. मग आपण वर्षापूर्वी वाचून संपवलेल्या पुस्तकाचे नाव सांगतो, किंवा जे एव्हाना वाचायला हवे होते त्याचे. ‘सध्या’ या शब्दाला अशा रीतीने एक तर भूतकाळ चिकटतो, नाही तर विध्यर्थ. निखळ वर्तमानकाळात या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनात मला फारसे आठवत नाही. प्रस्तुत टिपण त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. काही वर्षांपूर्वी या निमित्ताने आमच्या विभागात प्रत्येक अध्यापकाने आपल्या चालू वाचनाविषयी पाच मिनिटे बोलावे असे ठरले. माझी पाळी आली तेव्हा मी वोल्फगांग इझर यांच्या ‘द अ‍ॅक्ट ऑफ रीडिंग’ या ग्रंथाचे नाव घेतले. मूळ जर्मन ग्रंथ १९७६ चा, त्याचे इंग्रजी रूप १९७८ चे. वाचनाच्या दिवशी वाचनक्रियेची मीमांसा करणारा ग्रंथ, असे औचित्यही साधले गेले. ग्रंथ माझ्या टेबलावर होता हे खरे होते. परंतु पहिल्या प्रकरणापलीकडे मी गेलो नव्हतो. पुढचे सारे मला इझरविषयीच्या लेखांतून ठाऊक होते. त्या भांडवलावर मी ‘गर्भित वाचक’ आणि ‘रिक्त जागा’ या संकल्पना स्पष्ट केल्या आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या.

दिवाळीची सुटी संपल्यावर एम. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. इंग्रजीच्या भीतीमुळेच आपण मराठी विषय घेतला असे तो एकदा मोकळेपणाने म्हणाला होता. त्याने ग्रंथालयातून तोच ग्रंथ नेला होता आणि शब्दकोश शेजारी ठेवून सुटीभर वाचला होता. त्याच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते. ते सगळे ग्रंथाच्या अखेरच्या भागातले होते. ‘रिक्त जागा आणि नकार या दोन गोष्टी इझर वेगळ्या का धरतो, सर? मला तर दोन्ही सारख्याच वाटतात.’ मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. रात्री ग्रंथ उघडला. तो एका रात्रीत उरकण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, ‘तो भाग मी वाचलेला नाही. त्या दिवशी मी जे सांगितलं ते खरं नव्हतं.’ तो काही वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, ‘मग तेव्हा तुम्ही खरं काय वाचत होता, सर?’

त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि मला सांगता येईना. पाठ्यक्रमातील नेमलेली प्रकरणे, तपासायच्या प्रबंधांतील निष्कर्षाची पाने, परीक्षणासाठी आलेल्या शोधनिबंधांचे सारांश, एका परिसंवादासाठी तीन ग्रंथांतून काढलेली अवतरणे: हे सगळे मी ‘वाचत’ होतो. त्यात एकही पुस्तक नव्हते. माझे वाचन थांबलेले आहे आणि ते थांबल्याचे मला कळलेलेही नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या साध्या प्रश्नाने माझ्यासमोर ठेवली.

यात माझा वैयक्तिक दोष आहेच. परंतु आपल्या वाङ्मयव्यवहाराची घडणही अशी आहे की हा दोष सहज झाकला जावा. अध्यापकाच्या पदोन्नतीच्या अर्जात प्रकाशित लेखांसाठी रकाना असतो, परिसंवादांसाठी असतो. तो काय वाचतो आहे यासाठी नसतो. समीक्षेचा लेख ग्रंथ संपल्यानंतर सुरू होतो आणि आपण तो कधी, कसा, किती वेळा थांबत वाचला हे पुसून टाकतो. रोलाँ बार्थ यांनी १९७३ च्या ‘द प्लेझर ऑफ द टेक्स्ट’ मध्ये अभिजात कादंबऱ्या आपण शब्दन्‌शब्द वाचत नाही, पाने गाळत वाचतो, असे खुशाल मान्य केले. आपण बार्थ यांचा हा विचार वर्गात शिकवतो. पण ‘मी अमुक कादंबरीची मधली ऐंशी पाने गाळली’ असे वाक्य आपल्या एकाही समीक्षालेखात आढळत नाही. वाचकाला सिद्धान्तात मानाचे स्थान मिळाले त्याच काळात समीक्षक स्वतःचे वाचकपण लपवत राहिला, ही विसंगती नोंदवण्यासारखी आहे.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मी आता, उशिराने, सोडवू पाहतो आहे. सध्या माझ्याकडे तीन पुस्तके चालू आहेत. तीनही अपुरी आहेत, आणि ती कुठवर आली आहेत ते मी सांगू शकतो.

पहिले ‘लीळाचरित्र’. हा ग्रंथ मी पंधरा वर्षे शिकवला. म्हणजे, पाठ्यपुस्तकात घेतलेल्या वेचक लीळा शिकवल्या. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, म्हाइंभटांची संकलनपद्धती, सकळ लिपी, यादवकालीन समाजजीवन, गद्याची सुबोधता हे मुद्दे मला झोपेतही सांगता येतील. एकांकापासून सलग वाचण्यास मी गेल्या वर्षी प्रथमच बसलो. रोज रात्री दहा लीळा, असा नेम. सध्या पूर्वार्धात आहे.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे मी स्वतःसाठी वाचत नाही. आईला वाचून दाखवतो. तिला काचबिंदू आहे. अक्षरे दिसेनाशी झाली तेव्हा वाचल्यावाचून तिचे अडते हे आमच्या लक्षात आले. तोवर ती वाचते एवढेच ठाऊक होते. ‘वाचून दाखवणे’ हा प्रयोग आपल्या भाषेत इतका रुळलेला आहे की त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्याला दिसत नाही त्यालाच आपण वाचून ‘दाखवतो’. ‘वाचणे’ हे क्रियापद मुळात संस्कृतातील ‘वच्’ धातूच्या प्रयोजक रूपाशी नाते सांगणारे, म्हणजे ‘बोलते करणे’. लिहिलेले बोलते करायचे आणि बोलून ते दाखवायचे: पोथीसमोर बसलेल्या श्रोत्यांना वाचनाचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. मला तो आईच्या खाटेशेजारी बसल्यावर कळला.

तिसरे अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’. २००३ साली हा संग्रह आला तेव्हा मी तो विद्यार्थिदशेत चाळला होता. आता चार महिन्यांपासून वाचतो आहे आणि अडलो आहे. देशोदेशींच्या, पुराणांतल्या आणि इतिहासातल्या स्त्रियांच्या दुःखाभोवती उभे राहिलेले हे मोठे पुस्तक आहे. एकेका कवितेसाठी दुसरे काही तरी वाचून यावे लागते. हिपेशियापाशी थांबलो, पुढे गेलो, नादेज्दा मांडेलश्टामपाशी पुन्हा थांबलो. पुस्तक पुरे झालेले नसल्यामुळे त्याविषयी मत देण्याचा अधिकार मला नाही. कुठे थांबलो एवढे मात्र सांगता येते.

आता या तीन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध काय? वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने काहीही नाही. एक मराठीतील आद्य चरित्रग्रंथ, दुसरे १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, तिसरा एकविसाव्या शतकाच्या आरंभीचा काव्यसंग्रह. आमच्या विभागात हे तीन ग्रंथ तीन वेगळ्या अभ्यासपत्रिकांत, तीन वेगळ्या अध्यापकांकडे असतात. ते एकत्र आले ते केवळ माझ्या टेबलावर.

एके रात्री आईला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवत होतो. टिळकांच्या लहरी स्वभावाचे प्रसंग चालले होते. हातचे देऊन टाकणे, न सांगता निघून जाणे. लक्ष्मीबाई हे सांगतात ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा करून त्या त्याच्यापासून अचूक अंतरावर उभ्या राहतात आणि हसू बहुतेक वेळा स्वतःवर ओढवून घेतात. मी या निवेदनतंत्राचा विचार करत होतो. आईने मध्येच विचारले, ‘त्या दिवशी घरात खायला काय होतं रे?’ मी म्हणालो, ‘ते इथे लिहिलेलं नाही.’ ती म्हणाली, ‘पुढे बघ. तिनं लिहिलं असेल कुठे तरी. अशा बाईला ते आठवल्याशिवाय राहायचं नाही.’

त्यानंतर माझ्या दहा लीळा वाचायला बसलो आणि आईचा प्रश्न माझ्याबरोबर आला. लीळांमध्ये कोणी काय रांधले, कोणी काय आणले, स्वामींना आरोगणा कोणी दिली, बाइसांनी काय केले, कोण कुठे बसले हे पानोपानी आहे. मी हे सारे ‘तत्कालीन आहार व रीतिरिवाज’ या शीर्षकाखाली शिकवत आलो होतो, जणू म्हाइंभटांनी पुढील समाजशास्त्रज्ञांसाठी टिपणे काढून ठेवली. त्या रात्री प्रथमच वाटले की हा तपशील सामाजिक पुरावा म्हणून नोंदला गेलेला नाही. चक्रधर निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या. ज्याला माणूस आठवायचा असतो तो उपदेश आणि जेवण यांत भेद करत नाही. त्याला दोन्ही एकाच माणसाचे म्हणून आठवते. सिद्धान्त वेगळे काढण्याचे काम पुढे केसोबासांच्या ‘सूत्रपाठा’ने केले. लीळांनी ते केले नाही, आणि लीळांचे वाङ्मयपण बऱ्याच अंशी या न करण्यात आहे. दुसऱ्या दिवशी मी आमचे पाठ्यपुस्तक काढून पाहिले. वेच्यांत उपदेशाच्या लीळा होत्या, दृष्टान्ताच्या होत्या, महदाइसेच्या चौकस प्रश्नांच्या होत्या. जेवणाच्या, वाटेच्या, नुसत्या बसण्याच्या लीळा जवळजवळ सगळ्या गळल्या होत्या. आम्ही स्मरणाचा ग्रंथ लावला होता आणि त्यातले स्मरण वगळले होते. त्या वेचे-निवडीच्या समितीत मीही होतो.

आणि मग ‘भिजकी वही’त मी जिथे थांबलो होतो ते स्थळही वेगळे दिसू लागले. अलेक्झांड्रियाची गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ हिपेशिया ४१५ साली जमावाकडून मारली गेली. निर्विवादपणे तिचा म्हणावा असा ग्रंथ उरला नाही, इतरांच्या आठवणींतून ती उरली. नादेज्दाने आपल्या नवऱ्याच्या, कवी ओसिप मांडेलश्टामच्या, कविता पाठ करून ठेवल्या, कारण कागदावर ठेवणे धोक्याचे होते; १९३८ मध्ये तो छावणीत मेला तरी कविता तिच्या स्मरणात जिवंत राहिल्या. ‘लीळाचरित्रा’चीही मूळ पोथी हरवली आणि ती पुन्हा आठवणींतून सिद्ध करावी लागली, म्हणून त्याच्या अनेक पाठपरंपरा झाल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. त्यांच्या स्वतःच्या आत्मचरित्राचा अखेरचा भाग मात्र त्यांना पुरा करता आला नाही. मागे राहिलेल्याने गेलेल्याचे शब्द सांभाळायचे: ही तीन पुस्तकांतून जाणारी रेषा मला कोणत्याही ग्रंथसूचीत सापडली नसती. ती आईच्या एका प्रश्नाने दाखवली.

यावर एक आक्षेप उघड आहे आणि तो मी स्वतःच घेतो. टेबलावर ही तीन पुस्तके असणे हा योगायोग आहे. त्याऐवजी दुसरी तीन असती तर दुसरी रेषा दिसली असती. मग या संबंधाला समीक्षेत स्थान काय? ज्युलिया क्रिस्तेव्हा यांच्यापासून आपण ज्याला आंतरसंहितात्मकता म्हणतो तिच्यातील संबंध संहितांमध्ये असतात. मी सांगतो आहे तो संबंध माझ्या आयुष्यात आहे. आक्षेप रास्त आहे. मी या संबंधाला ‘शेजार’ म्हणतो. शेजार हे नाते नव्हे. दोन कुटुंबे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात एवढेच. पण रात्री पलीकडून आलेला आवाज ऐकून आपण आपल्या घरातल्या गोष्टीकडे वळून पाहतो. शेजारातून प्रश्न मिळतो, पुरावा मिळत नाही. पुरावा संहितेतच शोधावा लागतो, आणि तो तिथे न मिळाल्यास प्रश्न सोडून द्यावा लागतो. आईच्या प्रश्नाने मला लीळांकडे परत पाठवले. लीळांमधील जेवणाचा तपशील मात्र माझ्या आईने तिथे ठेवलेला नाही. तो तिथे सातशे वर्षांहून अधिक काळ आहे. मला तो पंधरा वर्षे दिसला नाही.

इझरचा ग्रंथ त्या विद्यार्थ्याने आणि मी पुढे तीन महिन्यांत मिळून वाचला, अखेरच्या भागापर्यंत. वाचनाला काळात घडणारी क्रिया म्हणून पाहण्याचे मोठे काम त्यात आहे. वाचक संहितेच्या बाहेर उभा नसतो, तो तिच्या आतून प्रवास करत असतो; जे वाचून झाले त्याचे स्मरण आणि जे येणार त्याची अपेक्षा एकमेकींना सतत बदलत असतात, हे इझर फार काटेकोरपणे दाखवतो. परंतु त्याचा वाचक एका वेळी एकच पुस्तक वाचतो. त्याला कोणी मध्येच हाक मारत नाही. त्याच्या टेबलावर दुसरे काही पडलेले नाही, त्याच्या घरात काचबिंदू नाही. हा त्याच्या उपपत्तीतील दोष आहे असे मी म्हणणार नाही; उपपत्तीला अशी स्वच्छ खोली लागतेच. पण आपण, शिकवणाऱ्यांनी, त्या खोलीतल्या वाचकाला आपले व्यक्तिचित्र समजू नये. मी ते समजलो होतो. म्हणूनच त्या १५ ऑक्टोबरला मी माझ्याऐवजी त्याला उभे केले.

खोट्या उत्तराने विद्यार्थ्यांचे काय नुकसान होते याचा मी बराच विचार केला. त्या मुलाने तर उलट एक अवघड ग्रंथ वाचून काढला. मग नुकसान कुणाचे? माझ्या मते ते वर्गात बसलेल्या इतरांचे. वाचन म्हणजे नेहमी पुरे झालेले, प्रतिष्ठित आणि इंग्रजीत असलेले काही तरी, असे ते शिकले. आणि स्वतःचे अर्धवट, अडखळते, घरगुती वाचन ‘वाचना’त मोडत नाही असेही. जो ते मोजत नाही तो हळूहळू ते थांबवतो. हे मी अनुभवाने सांगतो.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी चर्चासत्रातील प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो: सध्या काय वाचता आहात, कोणत्या पानावर आहात, तिथे का थांबलात? आधी मी माझे सांगतो, पानासह. पहिल्या वर्षी फार अवघडलेली शांतता होती. मग एकाने स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शिकेचे नाव घेतले आणि ती नेमकी कोणत्या प्रकरणात कंटाळवाणी होते ते सांगितले. एकाच्या घरी श्रावणात ‘पांडवप्रताप’ लागतो. आजोबांचा आवाज बसल्यामुळे यंदा तो वाचत होता. त्याला ओवीची चाल सापडत नव्हती, म्हणून तो थांबला होता. छंदःशास्त्राच्या पुढच्या तासाला त्याच्याइतके लक्ष देऊन दुसरे कोणी ऐकले नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘मी सध्या काहीच वाचत नाही, सर.’ काही जण हसले. मी तिला म्हणालो की काही वर्षांपूर्वी मला हेच उत्तर द्यायचे होते आणि ते देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. सत्र संपेपर्यंत तिने आपण होऊन दोनदा आपले उत्तर बदलले.

आता माझे उत्तर. ‘लीळाचरित्र’: पूर्वार्ध, रोज दहा, गेल्या आठवड्यात दोन दिवस चुकले. ‘भिजकी वही’: नादेज्दापाशी. ‘स्मृतिचित्रे’: चौथ्या भागात, आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या खोक्याचा पुठ्ठा खूण म्हणून घातला आहे. हा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झालेला नाही, हे मी आईला आधी सांगितले नव्हते. काल सांगितले. ती म्हणाली, ‘असू दे. जिथवर तिनं लिहिलंय तिथवर हळू वाच.’